कॉल एकाचा, ऑर्डर दुसऱ्याची: सोलापूरच्या एका गणवेश कारखान्यातलं प्रकरण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. सोलापूरचं नाव चादर-टॉवेलमुळे झालं, पण शहरातलं शिलाईचं बरंच काम आता गणवेशाकडे वळलंय आणि माल महाराष्ट्रासोबत कर्नाटक, तेलंगण, आंध्रात जातो. या कारखान्याचा धंदा दोन तऱ्हेचा. शाळा एकगठ्ठा ऑर्डर देते, ही पहिली तऱ्हा. दुसरी म्हणजे शाळेने ठरवून दिलेला गणवेश पालक घरबसल्या मागवतात. पहिल्यात फोन कमी, रक्कम मोठी. दुसऱ्यात फोनच फोन. साइज लहान झाली, टाय आलाच नाही, पार्सल कुठे अडकलंय, बदलून कधी मिळेल.

हंगाम आखूड. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता उघडतात, तेलंगणातल्या आणि आपल्याकडच्या जूनच्या मध्याच्या आसपास. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत फोन घेणाऱ्यांना पाणी प्यायची उसंत नसते. टीम वीसेक जणांची. एकाच रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं बसलेली, आणि बहुतेकांना यातल्या तीन भाषा सहज येतात. दुसऱ्या शहरात अशी टीम मुद्दाम जमवावी लागेल. इथे पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत हाक मारली तरी मिळते.

आधीची व्यवस्था अशी: लँडलाइनच्या चार लाइनी आणि एक जुना ईपीएबीएक्स, म्हणजे कॉल आतल्या फोनांवर वळवणारी पेटी. ब्राउझरमध्ये चालणारा ऑर्डरचा प्रोग्रॅम, जो एका ओळखीच्या मुलाने बऱ्याच वर्षांपूर्वी पीएचपीत लिहून दिलेला. कुरिअरची वेबसाइट दुसऱ्या टॅबमध्ये. व्हॉट्सअ‍ॅप सुपरवायझरच्या मोबाइलवर. सुपरवायझरला सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या टेबलावर एक वही असे, तिच्याबद्दल पुढे येतंच.

मालकांनी क्लाउड कॉन्टॅक्ट सेंटर, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी कॉल घेण्याची सेवा, घ्यायचं ठरवलं त्याला कारण भाषा. तेलुगू बोलणाऱ्याचा कॉल तेलुगू येणाऱ्याकडेच जावा, हे जुन्या ईपीएबीएक्सला जमत नव्हतं. क्लाउडवर ते सेटिंगचं काम आहे. फोन ब्राउझरमध्येच वाजतो, रेकॉर्डिंग आपोआप होतं, हंगामात चार माणसं घरून बसवता येतात. करार झाला, नंबर फिरवले, हेडफोन आले. मग मालक म्हणाले, "आता ऑर्डरचं पण त्यातच दिसू द्या. पोरींना चार खिडक्या फिरवायला नकोत." मला बोलावलं ते या वाक्यासाठी.

ही जोडणी दोन बाजूंनी करता येते. एक तर सीआरएमच्या, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आत फोन बसवायचा. सेल्सफोर्सचं ओपन सीटीआय त्यासाठीच आहे. नाहीतर फोनच्या वर्कस्पेसच्या, म्हणजे फोन घेणारे एजंट ज्या स्क्रीनवर कॉल घेतात तिच्या, आत आपलं अ‍ॅप बसवायचं. अमेझॉन कनेक्ट, जेनेसिस क्लाउड यांसारख्या सेवांमध्ये ही दुसरी सोय आहे: अ‍ॅडमिनने अ‍ॅपचा पत्ता नोंदवायचा, कुणाला दिसेल ते ठरवायचं, आणि एजंटच्या स्क्रीनवर ते अ‍ॅप आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या चौकटीत, उघडतं. कारखान्याकडे सीआरएम असं काही नव्हतंच, एक साधा ऑर्डर प्रोग्रॅम होता. म्हणून दुसरी बाजू धरली.

पत्ता नोंदवला आणि अपेक्षेप्रमाणे पांढरी फट्ट चौकट आली. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कारण लिहिलेलं होतं: सर्व्हर 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स: सेमओरिजिन' असा हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवतोय, म्हणजे माझं पान माझ्याच डोमेनशिवाय कुणाच्या चौकटीत दाखवू नका. हा हेडर चुकून लागलेला नसतो. दुसऱ्याच्या पानावर आपलं पान अदृश्य ठेवून माणसाकडून भलत्या बटणावर क्लिक करवून घेण्याची युक्ती असते, तिला तो आडवा येतो. त्यामुळे तो नुसता काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्याच्या जागी कन्टेंट सिक्युरिटी पॉलिसी या दुसऱ्या हेडरमधलं 'फ्रेम-अँसेस्टर्स' वापरायचं आणि तिथे फक्त आपल्या वर्कस्पेसचा पत्ता लिहायचा. तारांकन टाकून सगळ्या जगाला परवानगी देणारे लोक मी पाहिलेत. घाईत चालून जातं, म्हणून तसंच राहतं.

पान दिसलं, पण लॉगिन टिकेना. नाव-पासवर्ड टाकला की परत लॉगिनचंच पान. ही अडचण कुकीची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझर जी चिठ्ठी जपतो तिची. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये, आवृत्ती ८० पासून, ज्या कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटमधून ती पाठवायची का, याची खूण) लिहिलेलं नाही तिला 'लॅक्स' धरायला सुरुवात केली. अशी कुकी दुसऱ्याच्या साइटमधल्या चौकटीतून जातच नाही. प्रोग्रॅम त्याआधीचा, त्याला याचा पत्ता नाही. कुकीवर 'सेमसाइट=नन' आणि 'सिक्युअर' लावावं लागलं आणि त्यासाठी पूर्ण साइट एचटीटीपीएसवर न्यावी लागली. सफारी २०२० पासून तिऱ्हाइताची कुकी मुळातच अडवतो. म्हणून टीमने क्रोमच वापरायचा असं ठरवून टाकलं, आणि क्रोमच्या आवृत्ती ११४ पासून आलेला 'पार्टिशन्ड' हा शब्दही जोडला, त्याने कुकी प्रत्येक बाहेरच्या साइटपुरती वेगळी राहते. 'नन' केल्यावर एक संरक्षण जातं, दुसऱ्या साइटवरून फसवून पाठवलेली विनंतीही कुकी घेऊन येऊ शकते. म्हणून प्रत्येक फॉर्मला टोकन, म्हणजे फक्त आपल्याच पानाला माहीत असलेली गुप्त खूण, लावलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं घालणं कटकटीचं होतं, पण त्यात विचार करण्यासारखं फारसं नाही. आडवाटेला न जाता एकेक दुरुस्ती केली की होतं.

कॉपीचं बटणही असंच गमतीत सापडलं. कुरिअरच्या डॉकेट (पार्सलच्या) नंबरच्या शेजारी एक छोटं बटण होतं, ते दाबलं की नंबर कॉपी होई. चौकटीत आल्यापासून ते दाबलं तरी काही होईना, चूकही दाखवेना. क्लिपबोर्डला हात लावायची परवानगी आतल्या पानाला बाहेरच्या पानाने द्यावी लागते, आणि वर्कस्पेसने ती दिलेली नव्हती. नोंदणीत ती मागून घेतली. एजंट मात्र तोवर नंबर कागदावर लिहून पुन्हा टाइप करत होत्या आणि कुणी तक्रारही केली नव्हती. अशा गोष्टी शेजारी बसल्याशिवाय कळत नाहीत.

आता नंबर जुळवण्याबद्दल. कॉल आला की वर्कस्पेस अ‍ॅपला फोन करणाऱ्याचा नंबर कळवतं आणि अ‍ॅपने त्या नंबरची ऑर्डर समोर आणायची. सांगायला एक वाक्य. प्रत्यक्षात वर्कस्पेसकडून नंबर येतो तो '+९१' लावून. ऑर्डरच्या नोंदीत कुठे नुसते दहा आकडे, कुठे आधी शून्य, कुठे मध्ये जागा, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच रकान्यात तिरकी रेघ देऊन दोन नंबर, आईचा आणि वडिलांचा. शाळेच्या ऑफिसातून फोन आला तर लँडलाइन, तिथे एसटीडी कोड. आधी सगळ्या जुन्या नोंदी एका साच्यात आणल्या, दोन नंबरांचे दोन रकाने केले. हे काम कंटाळवाणं असतं आणि नेमकं तेच टाळलं जातं.

पण नंबर जुळला म्हणजे माणूस सापडला, असंही नाही. दोन भावंडं एका शाळेत, तिसरं वेगळ्या शाळेत, तिघांच्या ऑर्डर एकाच मोबाइलवरून. एखाद्या खेड्यातल्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाची ऑर्डर स्वतःच्या फोनवरून दिलेली. विडी कामगार वस्तीत शेजाऱ्याच्या फोनवरून मागवलेली पार्सलं. सुरुवातीला अ‍ॅप सगळ्यात ताजी ऑर्डर आपोआप उघडत होतं. ते बंद केलं. एकच ऑर्डर जुळली तरच उघडायची. एकापेक्षा जास्त निघाल्या तर यादी दाखवायची, मुलाचं नाव, शाळा आणि इयत्ता यांसह, आणि निवड एजंटने करायची. दोन सेकंद जास्त लागतात. लागू द्यावेत.

नंबर अ‍ॅपपर्यंत पोचवायचा कसा, यावरही थोडी ओढाताण झाली. सगळ्यात सोपी रीत म्हणजे तो वेब पत्त्यातच चिकटवायचा. पण मग तो सर्व्हरच्या लॉगमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत, सगळीकडे पडून राहतो. इथे तर मुलांची नावं, इयत्ता आणि मापं यांची माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून नंबर पत्त्यातून न पाठवता चौकटीच्या आतबाहेर संदेश पाठवण्याची ब्राउझरची जी सोय आहे, पोस्टमेसेज, तिच्यातून पाठवला. दोन्ही बाजूंनी समोरच्याचा पत्ता तपासूनच संदेश घ्यायचा. लॉगिन मात्र संदेशावर सोपवलं नाही. "मी अमुक एजंट" असं चौकटीने सांगितलं म्हणून सर्व्हरने मानायचं नाही, सही केलेलं टोकन सर्व्हरनेच पडताळायचं. आधी सगळी रांग 'काउंटर१' या एकाच लॉगिनवर चालायची, त्यामुळे कुणी काय बदललं ते कळायला मार्गच नव्हता.

इथपर्यंत आल्यावर मालकांना वाटलं काम संपलं. गड्ड्याची जत्रा उरकून, सुट्टीवर गेलेली माणसं परतल्यावर, फेब्रुवारीत एका रांगेला नवीन स्क्रीन दिली. त्या मंद दिवसांत कॉल तुरळक, सगळं छान चाललेलं.

मग एका दुपारी हे घडलं. एका एजंटच्या हाताखाली एक चॅट चालू होतं, कर्नाटकातल्या इंडीहून एक पालक मुलाच्या हाफ पँटबद्दल विचारत होते. एजंट त्यांना उत्तर टाइप करत असताना कॉल आला, तेलंगणातल्या नलगोंड्याहून. मुलीचा पिनाफोर २६ चा आलाय, २८ हवा. एजंट तेलुगूत बोलत होती, "सरेनंडी, मारुस्तानु" (बरं, बदलते) म्हणत तिने साइज २८ केली आणि जतन केलं. बदल पडला इंडीच्या हाफ पँटवर. कॉल डावीकडे नवा आला होता, उजवीकडची ऑर्डर जुनीच उघडी होती. तिच्या लक्षात आलं ते साइज बदलल्यावर खाली 'हाफ पँट' हा शब्द दिसला म्हणून. "ओ सर, ह्यात आधीच्याचंच दिसतंय की!" तिने मागे वळून हाक मारली. दोघांनी पिनाफोरच मागवला असता तर कुणालाच कळलं नसतं, पार्सल परत आल्यावर कळलं असतं.

चूक कुठे होती? वर्कस्पेस प्रत्येक संपर्काला, मग तो कॉल असो की चॅट, एक ओळखक्रमांक देतं. अ‍ॅप उघडलं तेव्हा त्याने तो क्रमांक एकदा वाचून खिशात ठेवला होता. पुढे नवीन कॉल जोडला गेला, एजंटने डावीकडे दुसऱ्यावर क्लिक केलं, पहिला होल्डवर गेला, या घटना वर्कस्पेस ओरडून सांगत होतं आणि अ‍ॅप ऐकतच नव्हतं. टेलिफोनच्या जमान्यात एका वेळी एकच माणूस लाइनीवर असायचा. चॅट आल्यापासून एका एजंटच्या हातात दोन-तीन माणसं असतात, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या डोक्यात अजून एकच. चौकटीत अ‍ॅप बसवण्याच्या बहुतेक कामांत मला खरा धोका इथे दिसतो. हेडर आणि कुकीची चूक झाली तर पान उघडत नाही, लगेच दिसतं. ही चूक झाली तर पान छान उघडतं, बटणं चालतात, आणि माल दुसऱ्याच्या घरी जातो.

उपाय दोन होते. पहिला, प्रत्येक संपर्काला अ‍ॅपची वेगळी चौकट द्यायची. एजंट ज्या संपर्कावर जाईल त्याचीच चौकट पुढे येईल, सरमिसळीचा प्रश्नच नाही. विचार म्हणून हा चोख आहे, आणि मशीन चांगली असती तर मी हाच घेतला असता. पण कारखान्यातले कॉम्प्युटर चार जीबी रॅमचे. क्रोम २०१८ पासून, आवृत्ती ६७ पासून, डेस्कटॉपवर दुसऱ्या साइटची चौकट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळा चालू प्रोग्रॅम म्हणून, चालवतो. एकाच अ‍ॅपच्या तीन चौकटी एका प्रोसेसमध्ये राहिल्या तरी तिघींचा पसारा वेगळा, आणि काम मात्र एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक. एकीत शाळेची मोठी यादी उघडली की दुसऱ्या दोन्ही थिजतात. मेमरी भरली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि आवाज तुटायला लागतो. आवाजही त्याच ब्राउझरमधून जातोय ना. समोरच्या पालकाला "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणावं लागणं हे सेवेतलं सर्वांत वाईट.

म्हणून दुसरा उपाय. चौकट एकच, पण तिच्या आत प्रत्येक संपर्कासाठी वेगळा कप्पा, ओळखक्रमांकाने बांधलेला. एजंटने डावीकडे माणूस बदलला की आत कप्पा बदलतो. अर्धवट लिहिलेली टीप जिथल्या तिथे राहते. संपर्क जोडला गेला, होल्डवर गेला, संपला, एजंटने शेवटी मिटवला, या प्रत्येक घटनेवर अ‍ॅप काय करणार ते कागदावर लिहून अक्कांकडून तपासून घेतलं. 'संपला' आणि 'मिटवला' यांतला फरक त्यांनीच धरून दिला. फोन ठेवल्यावर टीप लिहायला जो वेळ मिळतो त्यात माणूस लाइनीवर नसतो, पण ऑर्डर अजून उघडी हवी. कप्पा मिटवल्यावरच रिकामा करायचा, फोन ठेवल्यावर नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मी आणखी एक अडसर घातला. जतन करताना अ‍ॅप ऑर्डरच्या क्रमांकासोबत संपर्काचा ओळखक्रमांकही सर्व्हरला पाठवतं, आणि ही ऑर्डर या संपर्कात एजंटने उघडलीच नसेल तर सर्व्हर बदल नाकारतो. शिवाय बटणावरचा 'जतन करा' हा मजकूर काढून तिथे मुलाचं पहिलं नाव, वस्तू आणि नवी साइज येते: 'दीप्ती, पिनाफोर, २८'. एजंट बोलता बोलता ते ओठांनी वाचतात आणि समोरचा "हो, तीच" म्हणतो. हे बटण सगळ्यांना आवडलं. सर्व्हरच्या तपासणीचं कुणाला कौतुक नाही, पण बटणाकडे न बघता दाबणाऱ्यांसाठी ती आहे.

कुरिअरचं पान मात्र चौकटीत आणलंच नाही. त्यांचा सर्व्हरही फ्रेमला नकार देतो आणि तो बदलणं आपल्या हातात नाही. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून हेडर काढून टाकता येतो, असं कुणीतरी मालकांना सुचवलं होतं. असं एक्स्टेन्शन बहुधा सगळ्याच साइटचा हेडर काढतं, बँकेच्याही. त्याच मशीनवर अकाउंटवाले संध्याकाळी बँकेचं काम करतात. नाही म्हणून सांगितलं. त्याऐवजी ज्या कुरिअरकडे एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय, आहे त्यांच्याकडून आपला सर्व्हर पार्सलची शेवटची स्थिती आणतो आणि ऑर्डरमध्येच एका ओळीत दाखवतो. ज्यांच्याकडे नाही त्यांचं पान नवीन टॅबमध्ये उघडतं. एक खिडकी जास्त झाली, हरकत नाही. सगळं एका स्क्रीनवर आणायचा हट्ट धरला की नको ती कामं अंगावर येतात.

आणि ती वही. अक्कांच्या वहीत शाळेनुसार पानं होती आणि त्यावर अशा गोष्टी: या शाळेचा शर्ट एक साइज लहान येतो, एक मोठा सांगा. या शाळेने यंदा टाय बदलला, जुना स्टॉक देऊ नका. इथल्या पार्सलला तालुक्याच्या गावचा पिनकोड टाका, गावचा टाकला तर परत येतं. ऑर्डर प्रोग्रॅममध्ये यातलं एकही वाक्य नव्हतं, आणि एजंट प्रत्येक तिसऱ्या कॉलला "अक्का, ह्या शाळेचं काय?" असं विचारत. मागणी फक्त ऑर्डरचं पान आणण्याची होती. पण फोनवर खरं उत्तर ज्यातून मिळतं ती वही बाहेर राहिली, तर नवीन स्क्रीनचा फायदा अर्धाच. म्हणून शाळेच्या नोंदीत एक रकाना वाढवला आणि वहीची पानं त्यात भरली. ऑर्डर उघडली की सगळ्यात वर पिवळ्या पट्टीत ती ओळ दिसते. लिहायचा अधिकार फक्त अक्कांना, आणि प्रत्येक ओळीला तारीख, म्हणजे गेल्या वर्षीचा टाय यंदाही बदलल्यासारखा दिसायला नको.

करारात एक कलम मी आग्रहाने घालून घेतलं. फ्रेम-अँसेस्टर्समध्ये लिहिलेला वर्कस्पेसचा पत्ता उद्या सेवा देणाऱ्याने बदलला, तर सकाळी सगळ्यांना पुन्हा पांढरी चौकट दिसेल. बदल करण्याआधी त्यांनी कळवायचं, आणि ओळ बदलायची कारखान्याच्या माणसाने, हे नावानिशी लिहून ठेवलंय. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा आता दुसरीकडे नोकरीला आहे, त्याला दर वेळी फोन करणं बरं नाही.

घरून काम करणाऱ्या चौघींना अजून ऑर्डर फक्त बघता येते, बदलता येत नाही. घरच्या मशीनवर एकाच ब्राउझरमध्ये घरातली तीन माणसं लॉगिन करतात, त्याची सोय आधी लावावी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपही अजून अक्कांच्या मोबाइलवरच आहे. ते वर्कस्पेसमध्ये घेता येतं, फक्त नंबर एकदा तिकडे नेला की रोजच्या अ‍ॅपवर तो तसाच चालेल याची खात्री नाही, आणि शाळांच्या मुख्याध्यापकांकडे तोच नंबर आहे. त्यावर निर्णय दिवाळीनंतर घ्यायचा असं ठरलंय. मालकांची अट एकच: एप्रिल लागला की स्क्रीनला कुणी हात लावायचा नाही.